दगडावरलं नाव

उत्तर इंग्लंडातल्या बेकप गावच्या विणकर क्लबाच्या हॉलमध्ये उजव्या खांबापासून दोन ढांगांवर लाकडी जमीन घासून पांढरी पडली आहे. ती ग्लेंडा हॉवर्थची जागा. तिथं दुसरं कुणी उभं राहत नाही. एकदा बर्नलीकडचा एक नवखा गडी उभा राहिला होता. ग्लेंडानं चकार शब्द काढला नाही. पावडरीचा डबा घेतला आणि त्याच्या बुटांवर उपडा केला. गडी शिंकत शिंकत कडेला सरला.

पावडर टाकायची ती पाय घसरावा म्हणून. ह्या नाचात पाय उचलायचा नसतो, सरकवायचा असतो. गाणी सगळी अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी साठ सालाच्या आसपास गायलेली, आणि तिकडं कुणी हुंगूनसुद्धा न पाहिलेली. गोदामात धूळ खात पडलेल्या त्या तबकड्या इकडच्या कारखान्यांतल्या पोरांनी उचलून आणल्या आणि आठवडाभराचा शीण त्यांच्यावर नाचून काढला. नॉर्दर्न सोल म्हणतात ह्या नादाला. पोरं म्हातारी झाली, कारखाने गेले, पण नाद गेला नाही. पूर्वी रात्रभर चालायचा, आता रविवारी जेवणं झाली की सुरू होतो आणि दिवेलागणीला आटोपतो. कारण अंधारात गाडी चालवायची म्हटली की निम्म्यांना दिसत नाही.

ग्लेंडाचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणाला होता, नाच बंद. तिनं डॉक्टर बदलला. पायात बूट तेच, ज्यांना तिच्या नवऱ्यानं, मेलनं, आपल्या हातानं चामड्याचे तळ ठोकले होते. मेल सपातांच्या कारखान्यात कातडं कापायचा. ग्लेंडा त्याच कारखान्यात शिवणखात्यात. आणि नेव्हिल टॅटर्सल, म्हणजे नेव्ह, माल खोक्यांत भरायच्या खात्यात. मेल आणि नेव्ह ही जोडी शाळेपासूनची. एकाला खाज सुटली की दुसऱ्यानं खाजवावं, असली.

त्या दोघांना एक रेकॉर्ड घावली लिव्हरपूलच्या गोदीतल्या एका ढिगाऱ्यात. तशी दुसरी कुणाकडं नव्हती. आता ह्या लोकांत एक रीत आहे. ज्याच्याकडं एकुलती एक रेकॉर्ड असेल त्यानं तिच्या लेबलावर पांढरा कागद डकवायचा आणि त्यावर भलतंच नाव लिहायचं. बाकीच्यांनी खरं नाव शोधत ऊर फोडून घ्यावा आणि ह्यानं मिशीत हसावं. अशी रेकॉर्ड म्हणजे झाकलेली. ती वाजवायची असली तर तिच्या मालकाच्याच पाया पडावं लागतं. नेव्हनं ती झाकली आणि वाजवली, आणि त्या एका तबकडीवर नेव्हचं नाव ब्लॅकपूलपासून हल बंदरापर्यंत झालं. गाण्याला लोक ‘नेव्हची झाकलेली’ म्हणायला लागले. एक बाई गाते. आवाज असा, की चुलीवरनं उतरवलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा.

त्याच गाण्यावर मेलनं ग्लेंडाला पहिल्यांदा नाचायला ओढलं. दोन वर्षांनी लग्न झालं. समुद्रकाठी मोरकॅमला चार दिवस राहायला गेले, आणि तिथल्या कुबट खोलीत मेलनं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "नेव्हच्या झाकलेलीचं खरं नाव सांगू? रोझालिंड वेअर गाती. गाण्याचं नाव ‘तू येशील तोवर’. जगात तिघांनाच ठावं, मी, नेव्ह आन् आता तू. फोडलंस तर नेव्ह माझं मुंडकं उडवील."

ग्लेंडानं ते फोडलं नाही. शिवणखात्यातल्या बायकांच्या पोटात काय ठरतं? पण हिच्या पोटात ठरलं. मँचेस्टरचा एक दुकानदार लाडीगोडी लावत बसला, आईनं विचारलं, पोटच्या पोरीनं विचारलं. ग्लेंडा म्हणायची, "मला बाई काय ठावं, मी नुसती नाचती." आणि मनातनं उकळ्या फुटायच्या. मेल काही गोड बोलणारा नव्हे. मी तुझ्यावर जीव टाकतो वगैरे त्याच्या तोंडातनं कधी निघालं नाही. रेकॉर्डींच्या खोलीत हिवाळाभर शेगडी, आणि निजायच्या खोलीत भिंतीला काळी बुरशी. ग्लेंडा कुरकुरली तर म्हणायचा, "तू थंडीनं वाकडी हुईत न्हाईस, तबकडी हुती." तरी तिनं दिवस काढले. कारण एवढं मोठं गुपित ज्या माणसानं आपल्या ओटीत घातलं, त्याच्या मनात आपली जागा काय असंल, हे तिनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं.

मेलच्या छातीत पाणी झालं आणि तो उठेना. शेवटी शेवटी ग्लेंडाला जवळ बोलावून म्हणाला, "दगडावर माझ्या नावाखाली ते लिही. रोझालिंड वेअर, तू येशील तोवर. आता लोकांना कळू दे. खाली जागा ठेव, तुझ्या नावाला."

ग्लेंडा त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. तू येशील तोवर, आणि खाली तिची जागा. आयुष्यभर न बोललेला माणूस मरताना दगडातनं बोलला, असं तिला वाटलं. दगड बसवला त्या दिवशी अर्धा उत्तर इंग्लंड फोटो काढायला आला. नेव्हची झाकलेली उघडी पडली, तीही कबरीवर! लोक म्हणाले, असली निष्ठा बघितली नाही. नेव्ह टोपी छातीशी धरून मान खाली घालून उभा होता. त्या दिवसापासून म्हातारे गडी रोझालिंड वेअर शोधायला अमेरिकेपर्यंत पोचले. एकालाही ती सापडली नाही. जेवढी सापडेना तेवढी तिची इज्जत वाढली.

मग गेल्या वसंतात एका रविवारी बार्न्सलीची जोडी नावाची बाई क्लबात वाजवायला आली. चाळिशीची, दातात फट असलेली, कामानं पोस्टवाली. ग्लेंडा खांबाजवळ आपल्या जागेवर होती. पहिले दोन सूर निघाले आणि हॉलमध्ये गलका उठला. नेव्हची झाकलेली! पण नेव्ह तर कोपऱ्यात बिअरच्या मगापुढं बसलेला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. गाणं संपल्यावर जोडीनं सांगितलं, "ही व्हर्नेल टिप्टन. गाणं, ‘मागचं दार’."

ग्लेंडा धापा टाकत टेबलापाशी गेली. "पोरी, चुकलीस. ती रोझालिंड वेअर."

"न्हाई काकी. ही बघा की."

जोडीनं तबकडी समोर धरली. लेबल निळं, कडेला फाटलेलं. त्यावर व्हर्नेल टिप्टन असं छापलं होतं. कागद नाही, गोंद नाही.

"नाव बदललं असंल तिनं," ग्लेंडा म्हणाली.

"तिच्या भाचीशी बोलले मी. व्हर्नेल तिकडं अमेरिकेत टोलीडोला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला व्हती, तिथंच म्हातारी झाली, गेली. एवढी एकच रेकॉर्ड. भाची म्हणाली, मावशी मरंपतूर म्हणायची, कुणी ऐकलंच न्हाई." जोडीनं ग्लेंडाच्या चेहऱ्याकडं बघितलं. "काकी, तुमच्या त्यांच्या दगडावरचं बघून मीबी लई वर्सं भलत्याच बाईला हुडकत व्हते."

ग्लेंडा त्या दिवशी पुढं नाचली नाही. कोट चढवला आणि निघाली. बुटांची पावडरसुद्धा झटकली नाही.

नेव्हनं चार दिवस दार उघडलं नाही. शुक्रवारी दुपारी तो माशाच्या दुकानात तळलेला मासा घ्यायला येणार, हे सगळ्या गावाला ठाऊक. ग्लेंडा त्याच्या मागं रांगेत जाऊन उभी राहिली.

"व्हर्नेल टिप्टन कोण रे, नेव्ह?"

"इथं नको ग्लेंडा."

"मग कुटं? दार लावून बसतोस. इथंच सांग. आयव्हीलाबी ऐकू दे."

गल्ल्यामागची आयव्ही झारा हातात धरून म्हणाली, "मला काय न्हाई, मी मासा तळती. सांग की रे."

नेव्हनं टोपी काढली, परत घातली. "ते नाव मेलनंच काढलं. कारखान्यातनं सुटल्यावर, बसथांब्यावर. रोझालिंड म्हंजे ती म्हाताऱ्यांची सपाता न्हाई का, लोकरीच्या काठाची."

"मी शिवत व्हते त्या?"

"तुमच्या खात्यात नुसता नंबर असायचा. नाव खोक्यावर पडायचं, आमच्याकडं."

"आन् वेअर?"

"बस आली तवा. पाटीवर. गाण्याचं नावबी तिचीच वाट बघताना."

वेअर म्हणजे डोंगरावरची वाडी. ग्लेंडाचं घर त्याच रस्त्याला. रोज तीच बस.

"लोकांना फसवायला काढलंत, ते समजलं," ग्लेंडा म्हणाली. "तुमची रीत हाय ती. पर लोकांसाठी कागद व्हताच की चिकटवलेला. मग हे दुसरं नाव कुणासाठी काढलं?"

नेव्ह गल्ल्याकडं वळला.

"मासा एक का दोन?" आयव्हीनं विचारलं.

"ह्याला एक," ग्लेंडा म्हणाली. "नेव्ह, मी काय विचारते?"

"तुला पारखायला," नेव्ह म्हणाला. "मेल म्हणाला, बायकू करतोय, तिच्या पोटात राहतंय का बघू. हे नाव गावात फिरलं तर समजायचं तिनंच फोडलं."

"फिरलं?"

"न्हाई."

"एकदा तरी?"

"न्हाई गं. कंदीच न्हाई."

"मग खरं का न्हाई सांगितलं?"

"राहून गेलं. मी म्हणालो व्हतो त्याला, सांग आता. तर म्हणाला, कशाला, ती खूश हाय की."

आयव्हीच्या हातातल्या झाऱ्यातनं तेल गळत होतं. मागं उभ्या असलेल्या माणसानं घड्याळात बघितलं, पण रांग सोडली नाही.

"आन् दगड?" ग्लेंडाचा आवाज आता खाली आला होता.

"ते... मरायच्या आधी मी बसलो व्हतो न्हवं त्याच्यापाशी. डोळा घातला त्यानं मला. म्हणाला, नेव्ह, ग्लेंडाला दगडावर घालायला सांगितलंय, दगडावर आलं की कुणाचा बाप शंका घेणार न्हाई, तू मरंपतूर वाजव. लई हसला. खोकला लागला मग." नेव्हच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोस्त व्हता माझा. मी काय म्हणणार?"

"तुझा व्हता," ग्लेंडा म्हणाली. "खरं हाय. तुझाच व्हता."

"वर व्हिनेगर घालू?" आयव्हीनं हळूच विचारलं.

"घाल," ग्लेंडा म्हणाली. "भरपूर घाल त्याच्यावर."

ग्लेंडा मासा न घेताच बाहेर पडली.

दगडवाल्याचं नाव हॅलम. मेलची अक्षरं त्यानंच कोरली होती. त्याला वाटलं, बाई तक्रार घेऊन आली. म्हणाला, "खोडता येईल, पर खड्डा दिसंल. भरून परत कोरावं लागंल."

"खोडू नको. त्याचं हाय ते, राहू दे त्याच्यापाशी. खालच्या जागेत कोरायचं हाय."

हॅलम चपापला. "ती तुमची जागा, बाई. इतक्यात कशाला?"

"माझं न्हाई. लिहून घे. व्हर्नेल टिप्टन. खाली, मागचं दार."

"ही कोण म्हणायची? नात्यातली?"

"तेच्या नात्यातली. जलमभर तिच्याच शेगडीपाशी बसला."

"आन् तुम्ही?"

"मला जाळणार हायेत. राख कुटं सांडायची ते पोरगी बघंल. तिथं माझं नाव येणार न्हाई."

हॅलमनं पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली. त्या जागेत पुन्हा दुसरं काही मावणार नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. "म्हणूनच," ग्लेंडा म्हणाली. "अक्षरं मोठी काढ."

पोरीनं फोनवर आकाशपाताळ एक केलं. बापाची विटंबना, लोक काय म्हणतील, डोकं फिरलं काय गं तुझं. ग्लेंडानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला तरी त्यानं खरं सांगितलं व्हतं का?" पोरगी म्हणाली, आपल्याला गाण्याचं कधी काही वाटलंच नव्हतं. ग्लेंडा म्हणाली, "मग तू शहाणी."

दगड परत बसला त्या दिवशी कुणी फोटो काढायला आलं नाही. नेव्ह तेवढा आला, काठी टेकत. बराच वेळ वाचत उभा राहिला. दोन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"हे काय करून बसलीस गं? आता दोन नावं झाली. नंतरच्या माणसानं खरं कुठलं समजायचं?"

"समजंल त्याचं त्याला. न्हाईतर फसंल. मी न्हाई का फसले."

"मेल माणूस वाईट नव्हता, ग्लेंडा."

"नव्हता. माझ्या बुटांचे तळ अजून शाबूत हायेत. चामडं त्यानं खरं लावलं."

"रविवारी येणार न्हवं? तुझी जागा मोकळी हाय. कुणी उभं राहत न्हाई तिथं."

"त्या बर्नलीच्या गड्याला दे."

फाटकातनं ती बाहेर आली तोवर चढावरनं बस उतरत होती. वळण घेऊन परत वर निघाली, तेव्हा कपाळावर ठळक अक्षरांत पाटी होती: वेअर. गाडीवाला ओळखीचा. त्यानं तिला बघून वेग कमी केला, दार उघडायला हात नेला.

ग्लेंडानं हात केला नाही. बस थोडी रेंगाळली आणि गेली. मग ती त्याच रस्त्यानं चालत निघाली. घर पार वर होतं, आणि पहिल्याच चढाला गुडघ्यांनी बोंब ठोकली.