इथं कोनी हाय काय?

मॅडम रिकाम्या जागेवर कधी सरळ बसल्या नाहीत. एसटीत अख्खं बाक मोकळं असो, नाहीतर टपरीवर चिटपाखरू नसो, आधी विचारणार, "इथं कोनी हाय काय?" टपरीवाला चिडवायचा, "मॅडम, तुमाले कोनी दिसून राह्यलं काय?" त्या शांतपणे म्हणायच्या, "दिसत नाही म्हनून तं विचारा लागते." मला सुरुवातीला हे नाटकच वाटायचं.

रिसोडजवळ एका शेतकरी कंपनीचं सोयाबीन खरेदी केंद्र होतं. तिथलं टोकनचं सॉफ्टवेअर मॅडमनी लिहिलं आणि मी त्यांची कामातली जोडीदार. मी अनसिंगची, कॉम्प्युटर शिकलेली आणि तोंडाची फटकळ. मॅडम शिरपूरच्या, वडील एसटीत कंडक्टर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्या परत आल्या, तेव्हा लोकांनी ठरवूनच टाकलं की बाईला तिकडे निभावलं नाही. केंद्र हे त्यांचं इकडचं पहिलं काम. जमलं तर आणखी केंद्रं मिळणार होती, फसलं तर गाशा गुंडाळून परत पुणं.

केंद्रावर टोकनच्या चार खिडक्या. प्रत्येक खिडकीचा प्रोग्राम वेगळा, पण चारही चालायचे एकाच मशीनवर. एकाच फाईलमधून शेवटचा नंबर वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. दोघांनी एकाच क्षणी वाचला की दोन शेतकऱ्यांना एकच नंबर. म्हणून आधी फाईलला लॉक लावायचं, लिहून झालं की सोडायचं. "म्हणजे दुसऱ्याला फाईल उघडताच येत नाही ना?" मी विचारलं.

"हे तिजोरीचं कुलूप नोहे बाई," मॅडम म्हणाल्या. "खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल हाय. रुमाल काय कोनाले उठवते? लोकं मान ठेवतात म्हनून जागा राह्यते." काही ठिकाणी मशीन स्वतःच दुसऱ्याला अडवतं म्हणे. आमच्या मशीनवर लिनक्स सिस्टिम होती, तिथं मात्र लॉक मागणाऱ्यालाच थांबवलं जायचं. जो विचारतच नाही, तो खुशाल घुसायचा.

मी शहाणपणा करून सुचवलं, की 'लॉक' नावाची एक छोटी फाईल बनवू. ती असली की थांबायचं, नसली की पुढे जायचं. मॅडमनी मान हलवली. "अन् प्रोग्राम मधातच मेला तं? मानूस मेहकरले उतरून गेला अन् रुमाल सीटवरच. गाडी गच्च भरली, तरी जागा रिकामी. जागा कंडक्टरले सांगून घ्यावी. मानूस उतरला का तो मोकळी करते. आमचे बाबा तसंच करत." म्हणून लॉक त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच घेतलं होतं. प्रोग्राम पडला तर सिस्टिम लॉक आपोआप सोडवणार. एवढी काळजी घेऊनही व्हायचं ते झालंच.

ऐन हंगामात फाटकावर दोन ट्रॅक्टर एकमेकांना अडवून उभे राहिले. दोघांच्या हातात एकच नंबर, आणि मागे रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग. कोणी मागे घ्यायला तयार नाही. कंपनीचे अध्यक्ष खांद्यावरचा दुपट्टा झटकत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्याचं शहानपन इथं चालत नाई. उद्या पुन्हा असं झालं तं आपलं मशीन उचला." माझं तर टाळकंच सरकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी माझा हात दाबला.

आत येऊन त्यांनी मशीनला एकच विचारलं, की ही फाईल आत्ता कोणी कोणी उघडून ठेवली आहे? चार नावं यायला हवी होती. आली पाच. "हा पाचवा कोन होय?" मॅडम म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. पाचवा निघाला अध्यक्षांच्या भाच्याचा. फोनवरून टोकन द्यायचा प्रोग्राम त्यानं परस्पर जोडून दिला होता. लॉक त्यानं कधी मागितलंच नव्हतं.

"आता चांगलं चारचौघांत सांगा नाव," मी म्हटलं. "नाव घेऊन नंबर सुधरते काय?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी भाच्याला बोलावून शेजारी बसवलं. पाचही प्रोग्रामांचा फाईलवर लिहायचा हक्क काढून घेतला. आता लिहिणार फक्त आमचा एक छोटा प्रोग्राम; कोणी नंबर मागितला की तो दरवेळी नव्यानं सुरू होणार आणि आधी लॉक घेऊन मगच लिहिणार. ज्याला नंबर पाहिजे, त्यानं त्याच दारातून यायचं. "मान ठेवनारे ठेवतीनच," त्या म्हणाल्या, "पन दार एकच असलं तं बरं."

सकाळी फाटक उघडण्याआधी चार खिडक्यांवर चार जण आणि फोन घेऊन भाचा. अध्यक्ष हाताची घडी घालून मागे उभे. मॅडम म्हणाल्या, "दाबा." पाच नंबर आले, एकामागे एक, शहाण्या पोरांसारखे. मग त्यांनी पुन्हा दाबायला लावलं आणि लॉक हातात असलेला प्रोग्राम मुद्दाम मधेच मारला. मी डोळेच मिटले. उघडले तर पुढचा नंबर हजर. सिस्टिमनं लॉक सोडवून थांबलेल्या पुढच्याला दिलंसुद्धा होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या होऊन गेल्या आणि फाटकावर कोणाचा आवाज चढला नाही. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं चहा आणला. "घ्या मॅडम," ते म्हणाले. तोवर त्यांनी कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मला तर गावभर पेढे वाटावेसे वाटले.

पुढे जिल्ह्यातली बरीच केंद्रं मॅडमच्या सॉफ्टवेअरवर चालू लागली. मग नागपूरच्या एका कॉलेजानं त्यांना शिकवायला बोलावलं. जायचा दिवस नेमका दिवाळीनंतरच्या गर्दीचा. मी त्यांची बॅग घेऊन मागोमाग एसटीत चढले, तर पाय ठेवायला जागा नाही. फक्त खिडकीजवळची एक सीट रिकामी आणि तिच्यावर एक दुपट्टा. आजूबाजूला माणसं दांड्याला लोंबकळत होती, पण बसलं कोणी नव्हतं.

मॅडमनी सवयीनं विचारलं, "इथं कोनी हाय काय?"

"हाय," लेकरू कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली. "कोनी मॅडम येऊन राह्यल्या म्हन्ते. त्याइची जागा हाय."

मॅडम "बरं" म्हणून दांडा धरून उभ्या राहिल्या. मला हसावं की रडावं कळेना. खिडकीबाहेर अध्यक्ष रिकाम्या खांद्यानं उभे होते. "बसा ना मॅडम," ते म्हणाले, "तुमाले कायले विचारा लागते?"

मॅडमनी दुपट्टा उचलला, नीट घडी करून खिडकीतून त्यांच्या हातात दिला आणि लेकराला मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टर अजून खाली टपरीवर चहाच पीत होता.