सातवा फोटो

श्यामकांत काण्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. सरकारी कचेरीतला सरळमार्गी माणूस; पण फोटोत पक्षी कायम धूसर आणि मागची भिंत मात्र लख्ख! तिथल्या बेहाला भागातले फोटो स्टुडिओवाले श्यामसुंदरबाबू कपाळाला हात लावत. "अहो, डोळ्यावर फोकस करा! आणि पक्षी मधोमध कोंबू नका, तो बघतो तिकडे जागा सोडा."

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, लढाई तोंडावर आलेली असताना, हे गृहस्थ फोर्ट विल्यम ह्या लष्करी किल्ल्याच्या खंदकाकाठी खंड्या पक्षी टिपायला गेले. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच. तासाभरात ते पोलीस ठाण्यात होते आणि त्यांचा रोल धुवायला गेला होता.

संध्याकाळी टेबलावर सात फोटो पडले. पहिल्या सहांत किल्ल्याची भिंत, वीट न् वीट मोजून घ्यावी अशी. मधोमध एक करडा डाग.

"हा तुमचा पक्षी?" दारोगाबाबूंनी विचारलं.

श्यामकांतांच्या तोंडचं पाणी पळालं. हेरगिरीचा नुसता संशय कागदावर आला तरी नोकरी गेली, वर तुरुंग.

निरोप मिळताच त्यांची बायको वृंदा धावत आली. तिनं बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. दोन वर्षांचे फोटो! बुलबुलामागे दोरीवरचं धोतर लख्ख, बगळ्यामागे म्हैस लख्ख.

"साहेब, ह्यांना आजवर एक पक्षी धड जमलेला नाही," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "हे कसली हेरगिरी करणार?"

दारोगाबाबू एकेक फोटो बघत गेले. धोतरापाशी त्यांना हसू फुटलं. श्यामकांतांना इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि बायकोबद्दल इतकी मायाही.

"जा. रोल मात्र मिळणार नाही."

उठता उठता श्यामकांतांनी सातवा फोटो पाहिला. तो काढताना ते ओल्या गवतात पालथे पडले होते. खंड्या डावीकडे, समोर मोकळं पाणी, भिंत पार पुसट. आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका.

"एवढा एक..." त्यांनी हात पुढे केला. दारोगाबाबूंनी सगळे फोटो पाकिटात घालून वर लाख लावली.

बाहेर आल्यावर वृंदानं डोळे पुसले. "अहो, तुम्हाला एकही जमत नाही, म्हणून आज वाचलो."

"जमला होता गं एक," श्यामकांत म्हणाले आणि बसमध्ये चढले.