मीटर बंद हाय, मॅडम

इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं.

सहाव्यांदा सेल्फ मारला तेव्हा साने मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या इन्शुरन्सकडून ऑडिटला आल्या होत्या. जागा पूर्णा गावातलं आमचं गोदाम. मी तिथला मेंटेनन्स मॅनेजर. वय एक्कावन्न, डिप्लोमा मेकॅनिकल, गळ्यात आयडी कार्ड आणि अंगात घाम.

हे इंजिन फायर पंपाचं. गोदामाला आग लागली की आधी वीज जाते, नाहीतर ती तोडावी लागते. मग विजेवरचा पंप निरुपयोगी. म्हणून शेजारी डिझेल इंजिनवर चालणारा दुसरा पंप ठेवतात. तो वर्षानुवर्षं काही करत नाही, नुसता जागा अडवून बसतो. आम्हा मॅनेजर लोकांसारखाच. फरक एवढाच, की वेळ आली तर त्याला खरंच काम करावं लागतं.

म्हणून नियम असा: दर शनिवारी इंजिन अर्धा तास चालवायचं आणि लॉगबुकात नोंद करायची. माझं लॉगबुक बघण्यासारखं होतं. दोन वर्षांचे सगळे शनिवार, प्रत्येकापुढे 'OK', पुढे माझी सही.

इंजिन मात्र चालवलं नव्हतं. पंप रूम कॅन्टीनला लागून. पहिल्या शनिवारी धूर झाला, तेव्हा आमचे ऑपरेशन्स हेड खन्ना सर म्हणाले, "पाटील, ये धक-धक डिस्पॅच के दिन मत किया करो." मी इतर कुठल्या दिवशीही केली नाही. महिन्यातून एकदा बसायचो आणि चार शनिवार एकदम लिहून काढायचो. पेन मात्र इमानदारीने बदलायचो.

"मी रॅक आणि स्प्रिंकलर बघून येते," मॅडम म्हणाल्या. "दोन वाजता परत टेस्ट घेऊ."

त्या गेल्यावर खन्ना सर माझ्या कानाशी आले. "पाटील, ये फेल हुआ तो क्लायंट माल उठा लेगा. और साथ में तुम भी उठोगे."

मी बॅटऱ्या बदलल्या. फरक नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात तिकीट नंबर दिला आणि इंजिनियर अठ्ठेचाळीस तासांत येईल म्हणाली. माझ्याकडे अडीच तास होते.

मग मी अंजूरला, आमच्या गावी, बाबांना फोन लावला.

बाबा शेतकरी. पावसात भात, थंडीत वाल आणि भाजी. पण आजूबाजूच्या गावांत त्यांना ओळखतात ते इंजिनवाला म्हणून. शेतावरचे डिझेल पंप त्यांनी बांधावर बसून खोलले आणि जोडले. कापडाच्या लूमवाल्या शेटचे जनरेटरही तेच बघायचे. इंजिन ठेवायचं की भंगारात द्यायचं, यावर बाबांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले "जाईल अजून दहा वर्षं," की माणूस बिनधास्त पैसे घालायचा. ते म्हणाले "काय न्हाय ऱ्हायला यात," की वाद संपला.

बाबा वालाच्या शेतातून उठून रिक्षाने आले. पायाला चिखल, हातात पान्यांची पिशवी. गेटवरच्या गार्डने त्यांना अडवलं. सेफ्टी शूजशिवाय आत प्रवेश नाही. आमच्याकडे पाहुण्यांसाठी शूज ठेवलेले असतात, सगळे दहा नंबरचे. बाबांचा पाय सहाचा. आग विझवणारं इंजिन बंद पडलेलं आणि आम्ही दहा मिनिटं लेस आवळत होतो. गार्डने रजिस्टरात त्यांचं पूर्ण नाव लिहून घेतलं आणि गळ्यात 'व्हिजिटर'चा पट्टा घातला. बाबा लावणीच्या चिखलातून चालावं तसे पाय उपसत आत आले.

पंप रूमच्या दारात खन्ना सर उभे. त्यांनी बाबांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "ये कौन है?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"लोकल वेंडर है, सर," मी म्हणालो. "पंप का काम करता है."

बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते. लूमवाल्यांत आयुष्य गेलेलं, हिंदी त्यांना माझ्यापेक्षा बरी येते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं हाय इंजिन, साहेब?"

सर निघून गेले. बाबांनी मला एकदाच सेल्फ मारायला लावला आणि कान दिला.

"डिझेल कुनी काढलंवतं?"

मी सांगितलं. मागे जनरेटरला कमी पडलं तेव्हा फिल्टरपाशी पाइप सोडून काढलं होतं. ऑडिट म्हणून आज सकाळीच टाकी भरून ठेवली.

"टाकी भरलीस. पाइपात वारा ऱ्हायला त्याचा काय?"

पाइपात हवा राहिली की डिझेल पुढे पोचत नाही. सेल्फ कितीही मारा, इंजिन नुसतं फिरतं. हे मी डिप्लोमाच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. बाबांनी फिल्टरवरचा छोटा नट सैल केला आणि हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सरळ धार. नट आवळला. "मार आता." इंजिन पहिल्या फटक्यात धडधडलं.

मी हसलो. बाबा हसले नाहीत. ते टेबलावर उघडं पडलेलं लॉगबुक बघत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तारखा येतात आणि माझी सही ओळखता येते. मग त्यांनी इंजिनवरचा आवर मीटर बघितला. इंजिन एकूण किती तास चाललं ते हा मीटर मोजतो. त्यावर तीन तास होते.

"वर्साला शनवार किती येतात रं?"

मी लॉगबुक मिटलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

दोन वाजता मॅडम आल्या, मागून खन्ना सर. इंजिन लगेच चालू झालं, पाण्याचा दाब बरोबर आला. मॅडमनी टिक केली. आणि मग त्या मीटरपाशी वाकल्या.

"यावर तीन तास दिसतायत. लॉगप्रमाणे पन्नासच्या वर हवेत."

खन्ना सरांना भिंतीवरचा बोर्ड अचानक फार वाचनीय वाटू लागला. धक-धकीचं आता त्यांना काही आठवत नसणार, हे मला कळलं.

"मीटर बंद हाय, मॅडम," बाबा म्हणाले. "तीनवर अडाकलाय."

"नक्की?"

"चाळीस वर्सं इंजिनंच बघतोय."

हे वाक्य खरं होतं. बाबांनी ते खोट्यासाठी वापरलं. बोलता बोलता त्यांनी हात पुसायचा फडका मीटरवर टाकला. या मीटरचा शेवटचा आकडा दर सहा मिनिटांनी सरकतो. मॅडम लिहीत होत्या, इंजिन धडधडत होतं आणि मी मनात मिनिटं मोजत होतो. पाचव्या मिनिटाला बाबांनीच इंजिन बंद केलं. "लई तापवू नये," म्हणाले.

मॅडमनी शेरा लिहिला: मीटर नादुरुस्त, बदलून घ्यावा. बाकी पास.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. त्या आउट-टाइम लिहायला रजिस्टरवर वाकल्या. त्यांच्याच नावाखाली लिहिलं होतं: कथोड लाडक्या पाटील. आमच्याकडे दगड मारला तर पाटलालाच लागतो, तेव्हा आडनावाने काही बिघडत नव्हतं. पण माझ्या गळ्यातल्या कार्डावर पूर्ण नाव आहे. नरेश कथोड पाटील. मराठी माणसाला बाप लपवायचा असेल तर आधी मधलं नाव खोडावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मॅडमनी रजिस्टर वाचलं, माझं कार्ड वाचलं.

"कथोड नाव हल्ली फारसं ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मेकॅनिक चांगले आहेत. जपा." आणि गाडीत बसल्या.

खन्ना सरांचा मेल आला: ग्रेट टीमवर्क. त्या वेंडरला पॅनलवर घ्या. बाबांना विचारलं तर म्हणाले, "नको, साहेब." घरी ते मला महिनाभर साहेबच म्हणत होते. आईला म्हणायचे, "साहेबांना भात वाढ." आईला ती थट्टा वाटायची. मी खाली बघून जेवायचो.

पण ते साहेब म्हणणं मला सोसलं. सोसलं नाही ते पुढचं. एका रविवारी शेजारचे पदू काका आले. त्यांचं इंजिन धूर सोडत होतं. "कथोडदादा, सांग, ठेवू का इकू?"

बाबा वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "दुसऱ्या कुनाला दाखव, पदू."

"दुसऱ्याला कशाला? तू सांगशील तेच खरं."

"म्हनूनच सांगतोय," बाबा म्हणाले.

पदू काका माझ्याकडे बघत राहिले. मी चप्पल घातली आणि बाहेर गेलो. बाबांनी त्यानंतर कोणाच्या इंजिनबद्दल शब्द दिलेला नाही. गावात समजतात, म्हातारपण आलं.

आता मी दर शनिवारी इंजिन स्वतः चालवतो, पुरता अर्धा तास. कॅन्टीनमध्ये धूर जातो, जाऊ दे. काढलेला जुना मीटर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एकदा बॅटरीला जोडून बघितला. व्यवस्थित चालतो.

आमच्या धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच: मीटर खरं बोलला, की मीटर बदलतात.