स्पोर्ट-टूरिंगवरून साक्षगंधाला

माणसाने आपल्या पायांना न पुरणारी गाडी घेऊ नये, हे मला गाडी घेतल्यानंतर समजले.

शोरूममधल्या माणसाने तसे सुचवले होते. "सर, सीट जराशी उंच हाये. पण चालत्या गाडीवर काई फरक पडत नाई." मला ते एकदम पटले! चालती गाडी कधी ना कधी थांबवावी लागते, हा विचार बल्लारपूरच्या शाळेत वीस वर्षे भूगोल शिकवणाऱ्या माझ्या डोक्याला शिवला नाही.

स्पोर्ट-टूरिंग मोटारसायकल म्हणजे पळायला जोरदार आणि लांबच्या प्रवासाला आरामशीर, असे सांगतात. खरे-खोटे तपासायची संधी लगेच आली. आरमोरीला माझे मेहुणे देवाजीभाऊ यांच्या मुलीचे, प्रणालीचे, साक्षगंध (म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा) होते. माझी बायको शालू मात्र एस्टीवर अडून बसली.

"नवरदेवाचा आजा लय मानपानवाला हाये. जरा कमीजास्त झालं त बुढा उठून जाते. पोरीचं जमलेलं मोडंल!"

"अगं, एस्टीच्या आधी पोचू आपण!" मी म्हणालो. (असली वाक्ये बोलताना माणसाची जीभ अडखळत का नाही, देव जाणे.)

निघालो. मागची सीट म्हणजे धानाच्या राखणीचे मचाणच. "अहो, मले तुमच्या डोक्यावरून पार चंद्रपूर दिसून राह्यलं!" शालू ओरडली. माझी बैठक अशी, की नदीवर धुणे धुवायला वाकलोय. दहाव्या किलोमीटरला मनगटे गेली, विसाव्याला मान. त्यानंतर कंबरेला काहीच जाणवेना. हाच तो आराम, असे मी समजलो!

थांबायची युक्ती मी शोधली होती. पाय टेकायला दगड, दुभाजक, ओटा असे काही हेरायचे आणि तिथेच थांबायचे. पण मूलच्या अलीकडे रेल्वेचे फाटक बंद लागले आणि तिथे दगड नव्हता. शेजारी बांबूचा ट्रक होता. मी त्याला हात टेकला आणि ऐटीत उभा राहिलो. मागे आरमोरीची एस्टी येऊन थांबली. तिच्यातले लोक कौतुकाने गाडी पाहू लागले. माझी मान ताठ झाली (जेवढी होऊ शकत होती तेवढी).

फाटक उघडले. ट्रक निघाला. म्हणजे माझा आधारच निघाला!

"अहो, आपण वाकून काऊन राह्यलो?" शालूने विचारले.

"वाकत नाही. पडतोय."

गाडी अगदी सावकाश, झोपी गेल्यासारखी गवतात आडवी झाली. कोणाला खरचटलेही नाही, पण सारी एस्टी हसली. चार प्रवाशांनी उतरून आधी गाडी उचलली, मग मला उचलून गाडीवर ठेवले. शालूने नव्या लुगड्याचे गवत झटकले आणि ती सरळ एस्टीत चढली.

"शालू!"

"या तुमी. तुमची गाडी एस्टीच्या आधी पोचते ना?"

पुढे सगळे जंगल. इंजिनात वाऱ्याला मागे टाकायची ताकद होती. पण कुठे थांबावे लागू नये म्हणून मी सायकलच्या वेगाने चाललो होतो. त्याच एस्टीने मला मागे टाकले. खिडकीतून शालूने हात हलवला नाही. तिने शेजारच्या बाईला मी दाखवला.

आरमोरीला पोचलो तेव्हा दारात मांडव, खुर्च्यांवर पाहुणे आणि मधोमध पांढऱ्या पटक्यातले नवरदेवाचे आजोबा. "या जवाईबुवा, या!" देवाजीभाऊ पुढे आले. मी पाय टेकायला जागा शोधली. अंगण सारवून तळहातासारखे गुळगुळीत! ना दगड, ना ओटा.

"आलोच!" म्हणून मी पुढे गेलो आणि घराला वळसा घालून परत आलो. पुन्हा तेच अंगण. "जागा पाहून राह्यलो!" दुसरा वळसा. तिसऱ्या फेरीला आजोबा उभे राहिले होते.

"हा माणूस आमाले गाडी दाखवून राह्यला का? उतरून रामराम करायची बी रीत नाई? उठा रे सारे, चला!"

जाता जाता मला दारातली प्रणाली दिसली. डोळे भरलेले. या पोरीला मी खांद्यावर बसवून फिरवले होते आणि आज तिचे लग्न मी मोटारसायकलवरून मोडत होतो! गाडी झाडावर घालावी, असे वाटले. तेवढ्यात शालूची किंकाळी आली.

"भाऊ, त्यायले उतरता येत नाई! पाय पुरत नाई त्यायचे! धरा!"

चौथ्या फेरीला देवाजीभाऊ आणि त्यांचे तीन चुलतभाऊ सुटलेल्या गोऱ्ह्यावर धावावे तसे धावले. दोघांनी गाडी धरली, दोघांनी मला काखेत धरून उचलले आणि थेट आजोबांसमोर ठेवले.

मी सरळ व्हायला गेलो. कंबर ऐकेना! ती गाडीवर होती तशीच राहिली. हात हँडल धरल्यासारखे पुढे. ते नेमके आजोबांच्या पायांवर पडले.

आजोबांनी हेल्मेटवर हात ठेवला.

"उठ बापा. एवढं वाकायची गरज नाई."

"उठता येत नाही हो," मी हेल्मेटच्या आतून कण्हलो.

"पाहा रे, गळा दाटून आला त्याचा! असा जवाई पाह्यला का कोणी? बसा, बसा सारे!"

साक्षगंध झाले. पुढे लग्नही झाले आणि प्रणाली सुखात आहे. गाडी मी महिन्याभरात एका सहा फुटी माणसाला विकली. पण आजोबा गावभर माझ्या नम्रतेचे दाखले देतात, म्हणून दर भेटीत मला तेवढेच वाकावे लागते. मागच्या खेपेला कंबर धरली होती, जरा कमी वाकलो.

आजोबा देवाजीभाऊंना म्हणाले, "गाडी विकली तवापासून लय माजला हा माणूस!"