थरथरतं यंत्र
झेंडूचा वास आला की भिंगारच्या आमच्या खोलीतलं ते व्यायामाचं थरथरणारं यंत्र आठवतं. फौजेतला दादा बर्फावर स्कीइंग शिकायला जाणार होता. पाय बळकट व्हावेत म्हणून सुट्टीत रोज गुडघे वाकवून त्या यंत्रावर उभा राहायचा. खंडेनवमीला आईनं विळी आणि शिलाई मशीनबरोबर यंत्राचीही पूजा केली. "आज त्याला पाय लावू नगं," ती म्हणाली. "उद्या निघायचंय, आई," म्हणत दादा चढलाच. हळद-कुंकू थरथरत फरशीवर सांडलं. त्या हिवाळ्यात बर्फात घसरून खडकावर आदळल्यानं दादाचा उजवा पाय चिरडला, कापावा लागला. यंदा पूजा झाल्यावर आईच म्हणाली, "ठेव रं पाय." दादानं कुबडी भिंतीला टेकवली आणि भिंत धरून उरलेला पाय यंत्रावर ठेवला. बटण दाबणं मात्र माझ्याच्यानं झालं नाही.