तिसरा शिक्का

ईरम्मा शिक्का मारायला बसली की कॉलेजच्या लायब्ररीत पेंगणारी पोरं दचकून जागी व्हायची. धप्प, धप्प, धप्प! एका पुस्तकाला तीन. पहिला नावाच्या पानावर, दुसरा शेवटच्या पानावर आणि तिसरा गुप्त पानावर. प्रत्येक लायब्ररीचं असं एक पान ठरलेलं असतं. चोरानं पुढचं-मागचं पान फाडून टाकलं, तरी पोटातला शिक्का सांगतो, मी अमक्याचा. वाचणाऱ्यांना तो दिसायचा, पण तो तिथंच का, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. पानाचा आकडा सोलापूरच्या त्या ख्रिस्ती कॉलेजात दोघींनाच ठाऊक होता: ग्रंथपाल सुकन्या मॅडमना आणि ईरम्माला. तिसरा शिक्का मारताना ईरम्मा पुस्तकावर पदर धरायची, जणू तान्ह्याला पाजायला घेतलंय.

ती अक्कलकोटकडची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाई झाली की दोन्हींची मिसळ. तीस वर्षांपूर्वी लायब्ररीत झाडू मारायला आली, तेव्हा अक्षराशी ओळख नव्हती. कपाटं पुसता पुसता आधी त्यांच्यावरचे विषयांचे आकडे शिकली, मग अक्षरं. बायबल दोनशे वीस, स्वयंपाक सहाशे एक्केचाळीस. घरीसुद्धा नवऱ्याला हाक मारायची ती अशी: "ओ, सहाशे एक्केचाळीस झालंय, या गिळायला!" आणि सिद्धाराम, जो उभ्या जन्मात लायब्ररीची पायरी चढला नव्हता, बरोब्बर पाटावर येऊन बसायचा.

तीस वर्षं तिची धाव घर ते लायब्ररी आणि लायब्ररी ते घर. मग गेल्या वर्षी कॉलेजनं कुर्डुवाडीच्या सेमिनरीशी करार केला. सेमिनरी म्हणजे चर्चचे पाळक तयार करायची शाळा. तुमचे वाचक ते आमचे वाचक, आमची पुस्तकं ती तुमची पुस्तकं. इथल्या मुलांना तिथली जुनी पुस्तकं मिळायची, तिथल्या भावी पाळकांना इथली नवी. दर दुसऱ्या गुरुवारी कुणीतरी पिशवी घेऊन जायचं आणि पिशवी भरून परत यायचं. "कोण जाईल?" असं सुकन्या मॅडमनी विचारलं, तेव्हा शिपाई लोक छताकडं बघू लागले. ईरम्मा म्हणाली, "मी जाते की."

आणि तिला गुरुवार लागला! सकाळची पॅसेंजर, खिडकीची जागा, मोहोळला कागदात बांधलेली भजी, मांडीवर पुस्तकं. समोरच्या बाईनं विचारलं, "कुटं निघालाय?" की ही मान ताठ करून सांगायची, "हापिसच्या कामानं." सेमिनरीत रेव्हरंड जोतिराम कसबे तिला खुर्ची द्यायचे. ते तिथले ग्रंथपाल होते आणि साधं वाक्यसुद्धा व्यासपीठावरून टाकावं तसं टाकायचे. "बाई... चहा... घ्यावा!" एवढं ऐकून ईरम्माला उगाच उठून उभं राहावंसं वाटे.

घोटाळा झाला तो बुधवारी.

लायब्ररीत संस्कृती नावाची नवी क्लार्क आली होती. जुळे सोलापूर भागातून स्कूटीवर यायची, कानात सदा काहीतरी वाजत असायचं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा बघून ती म्हणाली, "मावशी, शिक्के कोण मारतं आता? बारकोड चिकटवला की विषय कट."

ईरम्माला ते झोंबलं. "तुजं ते काळ्या रेघांचं कुंकू पाण्यानं निघतंय. माजा शिक्का निघतोय काय बघ."

"पण टाइम किती जातो!"

"टाइम? लाव तुजं घड्याळ. ह्यो च्या निवायच्या आत चाळीस उडवते."

संस्कृतीनं मोबाइलवर घड्याळ लावलं आणि ओरडली, "स्टार्ट!" मग काय विचारता. ईरम्माचा बाप मागावर बसायचा, तोच ठेका तिच्या हातात उतरला. उघड, धप्प, पलट, धप्प, पदर, धप्प, सरकव! वाचणारी पोरं उठून टेबलाभोवती जमली, कुणी शिट्टी मारली, कुणी "मावशी, मावशी!" करून टाळ्या धरल्या. शेवटचं पुस्तक सरकवून ईरम्मानं कप उचलला, घोट घेतला आणि जाहीर केलं, "गरम हाय!"

संस्कृती बोटानं गठ्ठा मोजत होती. "एकोणपन्नास. भारी, मावशी! पण... नवीन तर चाळीसच होती ना?"

ईरम्मानं कप खाली ठेवला. टेबलाच्या उजव्या टोकाला सेमिनरीची नऊ पुस्तकं उद्याच्या पिशवीसाठी काढून ठेवलेली होती. म्हणजे मघापर्यंत होती.

"अय्यो शिवने!"

सुकन्या मॅडमनी कराराचा कागद काढला. त्यांना घाबरल्यावर सरकारी मराठी यायची. "कलम पाच. परस्परांच्या ग्रंथांवर खूण, रेघ अथवा शिक्का आढळल्यास सदर करार संपुष्टात येईल. ईरम्मा, वर्ष उद्याच संपतंय हो. रेव्हरंड उद्याच पुढच्या वर्षाची सही करणार होते."

"व्हाइटनर लावू?" संस्कृतीनं हळूच विचारलं.

"पुस्तकाला पावडर थापून लग्नाला न्यायचंय व्हय?" ईरम्मा खेकसली. पण आवाजात जोर नव्हता. करार गेला तर गुरुवार गेला. पुन्हा आपलं घर ते लायब्ररी, लायब्ररी ते घर.

मॅडम म्हणाल्या, "मी दिलगिरीचं पत्र देते. तुम्ही फक्त पत्र द्या. काही बोलू नका."

"व्हय," ईरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोहोळ आलं आणि गेलं. भजी घ्यायची तिला वासनाच झाली नाही.

रेव्हरंडांनी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी वरचं पुस्तक उघडलं. त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या.

"बाई... हे... काय... आहे?"

काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. "शिक्का हाय, सायेब."

"कोणाचा?"

"आमचा."

"आणि पुस्तक?"

"तुमचं." मग तिला राहवेना. "माज्या हातानं झालं. फुशारकी मारायला गेले, पोरीशी पैज लावली. म्याडमची चूक न्हाय. संस्कृतीची पन न्हाय. च्याची हाय थोडी, लवकर निवला न्हाय."

रेव्हरंडांच्या मिशीत काहीतरी हललं, पण आवाज व्यासपीठावरच राहिला. "ज्या हाताने... मारला... त्याच हाताने... खोडावा! प्रत्येक शिक्क्यावर रेघ. खाली लिहावं, चुकून. आणि सही."

ईरम्मानं पेन घेतलं. नावाचं पान, शेवटचं पान. चुकून, ईरम्मा. चुकून, ईरम्मा. अठरा वेळा. पहिल्या सह्या वाकड्या आल्या, पुढच्या पुढच्या ऐटदार व्हायला लागल्या.

"झालं?"

"दोन झाले, सायेब. तिसरा हाय आत."

"कोणत्या पानावर?"

ईरम्मानं पेनाचं टोपण लावलं. "ते सांगनार न्हाय."

रेव्हरंडांना जन्मात कुणी असं उत्तर दिलं नसावं. "काय म्हणालात?"

"त्यो आकडा माजा न्हाय, सायेब. लायब्ररीचा हाय. मला राखायला दिलाय."

"मग करारावर सही कशी करू? आत तुमचा शिक्का ठेवून?"

ईरम्माच्या डोळ्यांपुढून खिडकी गेली, भजी गेली, "हापिसच्या कामानं" गेलं. तिनं नाक पुसलं. "नका करू. पन आज मी आमचा आकडा तुमाला दिला, तर उद्या तुमचा आकडा मी दुसऱ्याला देनार न्हाय, ह्याची ग्यारंटी काय?"

"मी स्वतः शोधू शकतो," म्हणत रेव्हरंडांनी पुस्तक ओढलं आणि पानं उलटायला लागले. एक, दोन, तीन. ईरम्मा बघत राहिली. अडवायची सोय नव्हती. तिसरा शिक्का यायच्या आतच, नवव्या पानावर त्यांचा हात थांबला. पस्तीस वर्षं तेही लायब्ररी सांभाळत होते, आणि त्यांच्याही पोटात एक आकडा होता, जो त्यांनी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं, ईरम्माकडे सरकवलं, आणि खुर्चीसकट गर्रकन वळून भिंतीकडे तोंड केलं.

"खोडा. मी बघत नाही."

ईरम्माचा चेहरा असा उजळला, की टेबलावरचा दिवा लाजावा. पदर धरून तिनं पानं उलटायला सुरुवात केली.

"कान पन झाका, सायेब. पानं मोजाल."

रेव्हरंडांनी मुकाट कानांवर हात ठेवले. तेवढ्यात दारातून शिपाई चहा घेऊन आला, आणि भिंतीकडे तोंड करून कान झाकलेले साहेब बघून आल्या पावली परतला.

"बाई, लवकर! या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही."

"पाल हाय की वर. तिला बघा."

नऊ झाली. "वळा," ती म्हणाली, मग आठवून मोठ्यानं ओरडली, "वळा, सायेब!"

रेव्हरंडांनी करार पुढं ओढला. सही केली, तारीख घातली, आणि कलम पाचाच्या खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली. ती त्यांनी वाचूनही दाखवली, अर्थात व्यासपीठावरूनच: "चूक झाल्यास... करणाऱ्याने... स्वतः येऊन... खोडावी!"

"आनि च्या घ्यावा," ईरम्मानं जोडलं.

तेही त्यांनी लिहिलं.

चहा झाला. सोलापूरला न्यायची नवी पुस्तकं पिशवीत भरून झाली, तरी ईरम्मा उठेना. खोडलेल्या नऊ पुस्तकांकडं बघत बसली. एवढी वर्षं तिनं हजारो पुस्तकांवर दुसऱ्याचं नाव उठवलं होतं. स्वतःचं आजच पहिल्यांदा.

"सायेब, तुमचे वाचक ते आमचे, आमचे ते तुमचे ना? मग मला एक पुस्तक द्या की. माज्या नावावर."

रेव्हरंडांनी लगेच वाचकांचं रजिस्टर उघडलं. "अवश्य! कोणतं?"

ईरम्मानं नऊही उघडून सह्या ताडून बघितल्या, दोन बाजूला काढली, त्यातलं एक परत ठेवलं.

"हे. ह्यात जरा बरी आलीया. आमच्या मालकांना दावते."

"पण बाई, हे हिब्रू व्याकरण आहे."

"असू द्या की," ईरम्मा पुस्तक पिशवीत सगळ्यांत वर ठेवत म्हणाली, "पंधरा दिस हायत, बघू किती हुतंय."