गुरुवारचं गॅझेट

गुरुवार आला की मला आजही एका जागी बसवत नाही. उपास नाही, व्रत नाही. सरकारी गॅझेट गुरुवारी निघायचं, एवढंच त्याचं कारण. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात मी गुरुवारांवर जगत होते. शुक्रवार ते बुधवार हे दिवस उगाच मध्ये घातलेत असं वाटायचं, आणि त्या दिवसांत मी ज्याच्या-त्याच्या अंगावर खेकसायचे.

माझं माहेर अंजूर, सासर काल्हेर आणि नोकरी भिवंडीत. तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा करून मी एका खाजगी हॉस्पिटलात लागले होते. शुक्रवारी गावातले कापडाचे लूम बंद, म्हणून शुक्रवारी आमच्याकडे गर्दी. आठवडाभर अंगावर काढलेला खोकला, लूममध्ये सापडून सुजलेलं बोट, सगळं त्याच दिवशी यायचं. मला ते काम आवडायचं. मला न आवडायचं ते घरी परत येणं. सासरची शेती गोडाऊनला गेली होती आणि तेव्हापासून आमच्या आळीतले पुरुष नाक्यावर मोबाईल हातात धरून बसलेले असायचे, जमिनीच्या पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत. माझा नवरा त्यातल्या त्यात बरा, तो एका गोडाऊनला सुपरवायझर होता. पण एकंदर घराला बसायची सवय लागली होती. मला बसणं कधी जमलंच नाही.

आमच्या हॉस्पिटलात एक केरळची सिस्टर होती. तिने एक दिवस डब्याबरोबर पेपरातली जाहिरात आणली. इंग्लंडात नर्सेस हव्यात, मुंबईत मुलाखती. आम्ही दोघी गेलो आणि दोघींची निवड झाली, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातल्या म्हाताऱ्यांच्या एका संस्थेसाठी. मला वाटलं, आता झालं. इंग्रजीची परीक्षा दोघी पास झालो होतो, तिकडच्या नोंदणीचं पत्रही आलं होतं. नवऱ्याने नाही म्हटलं नाही. उलट त्याने इंग्रजी शिकवणाऱ्या कॅसेट आणल्या आणि गोडाऊनवर येणाऱ्या ड्रायव्हरांना "हाऊ डू यू डू" करायला सुरुवात केली. ते बिचारे "बढिया, साब" म्हणून ट्रक मागे घ्यायचे.

अडलं ते माझ्या नावावर.

आमच्याकडे लग्नानंतर नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. पुष्कळ घरी हल्ली नुसतं विधीपुरतं लिहितात आणि हाक जुन्याच नावाने मारतात. माझ्या बाबतीत ते शक्य नव्हतं, कारण माझं आणि माझ्या सासूचं नाव एकच होतं. सुनेला हाक मारायची तर सासूचं नाव घ्यायला लागणार, ते कसं चालेल? साखरपुड्यालाच ठरून गेलं की माझं बदलायचं. नवऱ्याने तांदळात नाव लिहिलं, बायका लग्नाचा धवळा गात होत्या, मी वाकून वाचलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. नव्या पद्धतीचं, तीन अक्षरी, जरा सिनेमातल्यासारखं. मी हसलेही. ती दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. कागदांवर लिहून लिहून माझा हात दुखलाय.

पुढच्या वर्षी धाकटा दीर दुबईला जायच्या गोष्टी करत होता. त्याच्यासाठी एजंट घरी आला आणि आलाच आहे तर सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेऊ, असं ठरलं. रेशनकार्डावर माझं नवं नाव चढलं होतं, तेच पासपोर्टवर गेलं. दीर काही दुबईला गेला नाही. माझा पासपोर्ट मात्र कपाटात साड्यांच्या खाली जाऊन बसला. डिप्लोमा जुन्या नावाचा, नर्सिंगची नोंदणी जुन्या नावाची, तिकडून आलेलं पत्र जुन्या नावाचं, आणि जायचं तो पासपोर्ट नव्या नावाचा. मी स्वतः रोज वीस पेशंटची केसपेपरवरची नावं तपासून औषध देणारी बाई. माझ्या ते लक्षात येऊ नये?

लक्षात आणून दिलं ते आमचे इंग्लंडचे कागद बघणाऱ्या ठाण्याच्या एजंटने. "मॅडम, ये दो लेडीज है क्या?" त्याने कागद पुढे सरकवत विचारलं. मग मराठीत म्हणाला, "लवकर निस्तरा. तिकडे नियम बदलायचं चाललंय."

काय बदलणार होतं ते त्याने मला पाटीवर लिहावं तसं समजावून दिलं. तोवर नर्सेसची तिकडे टंचाई धरत होते, त्यामुळे संस्थेने मागणी केली की कामाचं परमिट मिळायचं. आता टंचाईच्या यादीतून नर्स काढणार होते. म्हणजे संस्थेला आधी आपल्या देशात जाहिरात द्यायची, तिथलं कुणी मिळत नाही हे दाखवायचं, आणि मगच आमच्यासारखीला बोलवायचं. त्या तारखेच्या आत ज्यांचा अर्ज पुरा होऊन पोचेल, त्यांना जुना नियम. "तारीख कधीची?" मी विचारलं. ती अजून जाहीर व्हायची होती. मला वाटतं माझ्या पायांना भिंगरी लागली ती तिथपासून.

भिवंडीच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाला बसतो, त्याच्याकडून मी प्रतिज्ञापत्र करून घेतलं: ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, ते सत्य आहे. सही करताना मी अडखळले, कारण सही कुठल्या नावाची करायची ते टायपिंगवाल्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी दोन्ही केल्या. ते पत्र तिकडे गेलं आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं की असं चालणार नाही, सरकारी गॅझेटमध्ये नाव बदलल्याचं छापलेलं हवं. केरळच्या सिस्टरचे कागद एव्हाना पुढे गेले होते. बारशापासून पासपोर्टपर्यंत तिचं एकच नाव. मी तिच्या तोंडावर अभिनंदन केलं आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन कापसाचे बोळे करत बसले. लागणार होते त्याच्या चौपट केले.

गॅझेटचा फॉर्म भरायला मुंबईला जायचं होतं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून सासू सोबत आली. मला सोबत नको होती, पण ती साडी नेसून तयार बसलेली. तिला आम्ही सगळे आये म्हणतो. वाचता येत नाही, पण कागद दिसला की त्यावर काय आहे ते कळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. फॉर्मवर दोन रकाने होते, जुनं नाव आणि नवीन नाव. त्याच्याखाली कारण. मी कारणात 'विवाह' लिहिलं. एजंटचा सल्ला असा की पासपोर्ट बदलण्यापेक्षा जुनं नावच सोडून द्या आणि नोंदणीसुद्धा नव्या नावावर करून घ्या, ते लवकर होतं. म्हणजे या कागदानंतर जुनं नाव कुठेच उरणार नव्हतं.

"काय लिवलास?" आयेने विचारलं.

माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "तुमचं नाव खोडलं, आये. आता तुम्ही एकट्याच त्या नावाच्या."

मी पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. मग ती म्हणाली, "त्या नाव माजा तरी कुठं हाय? मना पन तांदलानूच भेटला. मना पन कोनी इचारला नव्हता."

"मग तुमचं आधीचं काय होतं?"

"आता कोन इचारतय," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालायला लागली. मी तेव्हा आणखी विचारलं नाही. मला खिडकी बंद होण्याआधी फॉर्म द्यायचा होता.

त्यानंतर सुरू झाले गुरुवार. गॅझेट आठवड्यातून एकदाच निघायचं आणि आपली पाळी कधी ते सांगता यायचं नाही. दर गुरुवारी ड्युटी संपली की मी एजंटला फोन लावायचे. अंजूर फाट्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची, रिक्षा जागची हलायची नाही आणि मी निम्म्या वाटेत उतरून चालायला लागायचे. रिक्षावाला ओरडायचा, "बहनजी, अभी खुलेगा!" नंतर तीच रिक्षा मला मागे टाकून निघून जायची. घरी भाजी चिरताना मी मध्येच उठून दार बघायचे. नवरा म्हणायचा, "जरा बस ना गं." मी बसले की तो कॅसेट लावायचा आणि त्या कॅसेटमधली बाई विचारायची, तुमचं नाव काय. मी ती कॅसेट बंद करायचे.

मग तारीख जाहीर झाली. एक सोमवार. मधे फक्त एक गुरुवार होता. त्या गुरुवारी मी सुट्टी टाकून स्वतः मुंबईला गेले आणि गॅझेटची पानं बोट फिरवून वाचली. किती तरी लोकांनी नावं बदलली होती, लग्न झालेल्या, ज्योतिषाने सांगितलेले, आडनावाला कंटाळलेले. माझं नव्हतं. दोनदा वाचलं, तरी नव्हतं. कुणाची चूक काढणार? मी फॉर्मच उशिरा भरला होता आणि माझ्यापुढे माणसं होती.

पुढच्या गुरुवारी ते छापून आलं. दोन्ही नावं, शेजारी शेजारी, स्वच्छ. अर्धा मिनिट मला आनंदसुद्धा झाला. आणि सोमवार होऊन तीन दिवस झाले होते. संस्थेचं पत्र आलं, ते फार सभ्य होतं. आता आधी इथे जाहिरात द्यावी लागेल, तुम्हाला शुभेच्छा.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. तुम्ही ते नाव लिहिलंत, तुम्ही ते पासपोर्टवर घातलंत, तुमच्या अंगठीने माझं वाटोळं केलं. तो हळूच म्हणाला, "तू हसली होतीस गं. मला वाटलं तुला आवडलं." ते खरं होतं. केरळची सिस्टर गेली. कॅसेट दिराने गाणी भरायला नेल्या.

एक मात्र राहिलं. ठरल्याप्रमाणे माझ्या नोंदणीवर, डिप्लोमाला जोडलेल्या कागदावर, बँकेत, सगळीकडे नवं नाव झालं होतं. हॉस्पिटलात मला सगळे सिस्टरच म्हणायचे. माहेरी भावंडांची मी ताय, आणि जुन्या नावाने हाक मारणारी माझी आई त्याच हिवाळ्यात गेली. मी कुठे गेले नाही, पण जायची तयारी म्हणून जे टाकलं ते टाकलंच. याचा मला राग यायचा आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही, म्हणून मी भांडी जोरात आपटायचे.

दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. नवरी औषधांचा डिप्लोमा केलेली, भिवंडीत मेडिकलच्या दुकानात कामाला. वरात घरी आली, ओटीवर बायकांची ही गर्दी, अंगणात बँडवाले थांबायचं नाव घेत नव्हते. ताट मीच आणलं, तांदूळ मीच पसरले. दिराने नाव आधीच निवडून ठेवलं होतं आणि मित्रांना सांगूनही झालं होतं. त्याने अंगठी टेकवली, तेवढ्यात आयेने पुढे होऊन आपला पंजा तांदळावर ठेवला.

"नाव बदलाचा न्हाय," ती म्हणाली. "हाय त्याच लिव. पोरीचं कागद हायत."

बायका कुजबुजल्या. एक चुलत सासू म्हणाली, रीत आहे ती. आयेने हात काढला नाही. शेवटी दिराने नवरीचं तिचंच नाव तिच्याच ताटात लिहिलं आणि ती पोरगी हसली नाही, रडायला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. हाच हात माझ्या ताटावर का नाही ठेवलात? तिचे कागद ते कागद, आणि माझे? मला वाटलं आत्ता सगळ्यांदेखत विचारावं. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिले, निघूनही जाता येईना आणि थांबताही येईना.

बँडच्या आवाजात आये हाक मारत होती. सासूचं ते नाव घरात कुणी घेत नाही, त्यामुळे मलाही नवल वाटलं की ती स्वतःचंच नाव घेऊन कुणाला बोलावतेय. माहेरची कुणी आली असेल तिच्या. मी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने, आणि बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी आपली दाराकडेच बघत होते.

मग नवऱ्याने माझा दंड हलवला.

"अगं," तो म्हणाला, "तुलाच बोलावतेय ती."